एकशे एकोणनव्वदावा खिळा

मिरचीच्या पिंपावर लॅपटॉप ठेवतं का कुणी? शेवंतीबाईंची सून ठेवायची. पिंपावर पाट, पाटावर जुना पेपर, पेपरावर तो लॅपटॉप, आणि समोर स्टुलावर नाकाला ओढणी बांधून बसलेली अक्षता. तेही एक वेळ चाललं असतं. पण तिचं ते विचारणं! "आई, कुडाळच्या परबांची बडीशेप किती म्हणालात?" सोमवारी विचारलं ते विचारलं, बुधवारी पुन्हा तेच. शेवंतीबाईंना उभ्या जन्मात कुणी एक गोष्ट दोनदा विचारली नव्हती. नवऱ्याची छाती झाली नव्हती, पोराची व्हायचा प्रश्न नव्हता. आणि ही घाटावरची पोर, लग्नाला सहा वर्षं झाली नाहीत, ती खुशाल विचारायची. सांगितलेलं ऐकून घ्यायची, खाली मान घालून टकटक करायची, आणि दोन दिवसांनी पुन्हा मान वर.

"काय गो, कान भाड्यान दिलंस?" शेवंतीबाई म्हणायच्या.

"नाही आई, खात्री करत्येय."

खात्री! शेवंतीबाईंच्या शब्दाची खात्री! घाटकोपरच्या भटवाडीत चढावरच्या त्या कांडपात चाळीस वर्षं मसाला कुटला जात होता, आणि आजवर कुणाला खात्री करायची गरज पडली नव्हती.

शेवंतीबाईंचे यजमान काशीराम गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी कुठूनसं चार मुसळांचं जुनं यंत्र आणून पुढच्या खोलीत बसवलं. यंत्र त्यांचं, पण कांडप चाललं ते शेवंतीबाईंच्या डोक्यावर. माघ सरला की बायका मिरच्या वाळवून, देठं काढून, गाठोडी बांधून आणायच्या. एक घर मालवणचं, एक देवगडचं, एक राजापूरचं, आणि दर घराचा मसाला वेगळा. कुणाला बेडगी जास्त, कुणाला संकेश्वरीच हवी. कुणी दगडफूल घालतं, कुणी नागकेशराशिवाय कुटू देत नाही. एका घरात म्हातारीला खोकला, म्हणून मिरी कमी. म्हातारी जाऊन बारा वर्षं झाली, पण मिरी अजून कमीच, कारण नातवंडांच्या जिभेला तीच चव लागली.

हे सगळं शेवंतीबाईंनी कधी लिहिलं नाही. त्या शिकल्या दुसरीपर्यंत. आकडे येत, बसचा बोर्ड वाचता येत असे, पुढचं देवाच्या हवाली. त्यांनी भिंतीवर लिहिलं होतं. काशीरामांनी दहादहाच्या ओळीत खिळे ठोकून दिले होते, आणि पहिल्यांदा आलेल्या प्रत्येक घराच्या गाठोड्याची जुन्या लुगड्याची पट्टी त्या घराच्या खिळ्यावर लटकत होती. जांभळी चिटाची म्हणजे कुडाळचे परब. पांढरी, लाल काठाची म्हणजे मिठबावचे. एकशे अठ्ठ्याऐंशी खिळे, एकशे अठ्ठ्याऐंशी पट्ट्या. शेवंतीबाईंनी पट्टीला हात लावला की जिन्नस बोटांतून वर चढत आणि तोंडातून बाहेर पडत. शेजारच्या बायका नव्या सुनांना मुद्दाम दाखवायला आणायच्या.

आणि मग गेल्या वर्षी मे महिन्यात ते झालं.

सत्तेचाळीसाव्या खिळ्यावरची हिरवी, पिवळ्या टिकल्यांची पट्टी चंपाची. चंपा लग्न होऊन भटवाडीत आली तेव्हापासूनचं गिऱ्हाईक. तिच्या सासरी त्रिफळ मसाल्यात कुटत नाहीत. माशाच्या कालवणात वरून घालतात. शेवंतीबाईंनी पट्टीला हात लावला, आणि त्या हाताने मूठभर त्रिफळ यंत्रात टाकलं. टाकताना काही वाटलंसुद्धा नाही. आठवड्याने चंपा आली, चाळण मागायचं निमित्त करून. जाता जाता म्हणाली, "आजी, मसाल्याला कोणी नाव ठेवलं नाही हां. पण परवा बांगड्याचं कालवण केलं तर दुसऱ्यांदा भात कुणी घेतला नाही."

शेवंतीबाईंनी ते ऐकलं आणि चाळण दिली. त्या दिवसापासून त्यांना पट्टीला हात लावायची भीती वाटायला लागली. कुणाला सांगितलं नाही. सांगतात की काय! पण हात लावल्यावर कधीकधी बोटं गप्प राहत. कधी भलत्याच घराचे जिन्नस वर येत. एकशे अठ्ठ्याऐंशी घरांची चव एका डोक्यात, आणि त्या डोक्याला कुठेतरी बारीक भोक पडलेलं. ते कुठे आहे हे कळत नाही, एवढंच कळतं की गळतंय.

त्या दिवशी अक्षता सुट्टी घेऊन घरी होती, शिंकत शिंकत चाळत होती. मूठभर त्रिफळ पडताना तिने मान वर केली होती. मग पुन्हा चाळायला लागली होती. शेवंतीबाईंना ते लक्षात होतं. नको त्या गोष्टी बरोबर लक्षात राहत.

यंदा फेब्रुवारीत तीच म्हणाली, "आई, हंगाम सुरू व्हायच्या आत सगळं लिहून ठेवूया."

"देवेशान लिहिल्यान नाय होता? त्याचा काय झाला?"

देवेश त्यांचा मुलगा, बँकेत. त्याने दोन वर्षांपूर्वी कॉम्प्युटरवर तक्ता केला होता. आडव्या ओळीत घरं, उभ्या रकान्यांत जिन्नस. चाळीस रकाने झाले, त्यातले तीस दर घराला रिकामे. त्यात खोकल्याच्या म्हातारीची मिरी कुठे लिहायची? 'धणे आधी भाजायचे, मग उन्हात' हे कुठल्या रकान्यात? प्रत्येक नव्या गोष्टीला नवा रकाना, आणि तो सगळ्यांनाच चिकटायचा. विसाव्या घराला देवेश म्हणाला, आई, लोकांना सांग सगळ्यांनी एकच मसाला करा. त्याला शेवंतीबाईंनी जे उत्तर दिलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

"तसा तक्ता नाही करायचा," अक्षता म्हणाली. "दर घराचा वेगळा कागद. ज्याच्या मसाल्यात जे आहे तेवढंच त्याच्या कागदावर. कुणाचा चार ओळींचा, कुणाचा चाळीस. एकाला दुसऱ्यासारखं असायची सक्ती नाही."

"मग वहीच घाल ना."

"वहीत शोधता येत नाही. ह्याच्यात येतं. डेटाबेस म्हणतात. हा कागदांचा आहे, नोएसक्यूएल."

"नाव तरी माणसासारखा ठेवूचा."

अक्षता गोरेगावच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची. आठवड्यातले तीन दिवस घरून. तिथे म्हणे असले मोठमोठे डेटाबेस असतात, पण ते ह्या घरच्या जुन्या लॅपटॉपला पेलायचे नाहीत. नुसते चालू केले तरी त्याचा पंखा यंत्रासारखा घोंघावतो. म्हणून तिने हलका शोधला. शेवंतीबाईंना वाटलं होतं, कुणीतरी माणूस येईल, खोकं आणेल, फ्रीज बसवतात तसं बसवेल. त्यांनी पायरी पुसून ठेवली, चहाला आधण ठेवलं. अक्षताने फोनचं नेट लॅपटॉपला जोडलं, काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिली, एंटर दाबलं. चार ओळी सरसर वर गेल्या. आधणाला अजून उकळीही आली नव्हती.

"झालं," ती म्हणाली.

"काय झाला?"

"बसवला."

"खंय?"

"ह्याच्यातच. अख्खा डेटाबेस म्हणजे एक फाईल. वेगळं काही चालू ठेवायला नको, पासवर्ड नको, काही नको. उघडायचं आणि लिहायचं."

शेवंतीबाईंनी लॅपटॉपच्या मागे वाकून पाहिलं. तिथे काही नव्हतं. पण त्यांनी आयुष्यभर यंत्र चालवलं होतं. बसवायला सोपं असतं ते कुणीतरी आधीच डोकं खाजवून केलेलं असतं, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. आधण दोघींच्या कामी आलं.

मग सुरू झालं ते विचारणं. सकाळी यंत्र लागायच्या आधी तासभर शेवंतीबाई भिंतीपाशी उभ्या, पट्टीला हात, आणि मागे पिंपावर टकटक. बोटं बोलली की भराभर जायचं. गप्प राहिली की शेवंतीबाई म्हणत, "डोळ्यात तिखट गेला, थांब." अक्षता थांबायची. मग परवा पुन्हा तेच घर काढून विचारायची, आणि परवा बोटं बोललेली असत. एकच घर तीन वेळा विचारून दोनदा सारखं आलं तरच ती ते पक्कं धरते, हे शेवंतीबाईंच्या उशिरा लक्षात आलं. वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. जास्त काय वाटलं ते त्यांनी ठरवलं नाही.

दहाएक दिवसांनी त्या म्हणाल्या, "दाखव बघू, किती झाले."

अक्षताने पडद्यावर आकडा काढला. ब्याऐंशी.

शेवंतीबाई भिंतीकडे वळल्या. दहाच्या नऊ ओळी पुऱ्या झाल्या होत्या. कालच त्यांनी नव्वदाव्या पट्टीला हात लावला होता. "आठ घरां खंय गेली?"

"नाही हो आई, सगळे टाकलेत मी."

"सावंत काढ."

अक्षताने शोधलं. एक सावंत निघाला, आचऱ्याचा.

"एकच?" शेवंतीबाईंनी कमरेवर हात ठेवले. "गो बाये, हयसर सावंत एक असतो काय? ह्या नऊ ओळींत सहा सावंत आसत! परब चार. परबांत पण तुका एकच गावतलो, बघ."

खरंच एकच सापडला. अक्षताने कपाळावर हात मारला. तिने प्रत्येक कागदाला आडनावाचंच नाव दिलं होतं. त्याच नावाचा दुसरा कागद आला की हा डेटाबेस मुकाट जुना काढून त्या जागी नवा ठेवतो. आणि बार्शीकडच्या मुलीला काय ठाऊक, भटवाडीत हाक मारली तर एका सावंताला किती सावंत ओ देतात! पाच सावंत आणि तीन परब आपल्याच भाऊबंदांखाली गाडले गेले होते.

"हुशार माणसां," शेवंतीबाई म्हणाल्या, आणि फेब्रुवारी महिन्यात पहिल्यांदा पोटभर हसल्या. "आडनावान कोण ओळखता? माझ्या नवऱ्यान खिळे कित्याक ठोकले?"

अक्षता भिंतीकडे बघत राहिली. दोन खिळ्यांचा नंबर एक नाही. एका खिळ्यावर दोन घरं नाहीत. चाळीस वर्षांत एकाही पट्टीने जागा बदललेली नाही. "आई," ती हळूच म्हणाली, "कामावर आम्ही ह्यासाठी मीटिंगा घेतो." त्या दिवशी तिने सगळे कागद खिळ्याच्या नंबरावर लावले. कुडाळचे परब चौदा, चंपा सत्तेचाळीस. पुसले गेलेले आठ पुन्हा विचारले. शेवंतीबाईंनी एकदाही कानांचा विषय काढला नाही.

मार्चच्या शेवटाला एकशे अठ्ठ्याऐंशी कागद झाले. सगळी फाईल अक्षताने पेनड्राइव्हवर उतरवली, तो शेवंतीबाईंनी आपल्या जुन्या लुगड्याच्या पट्टीत बांधून पहिल्या खिळ्यावर लटकवला. पहिला खिळा त्यांच्या स्वतःच्या घराचा होता.

यंदा संकेश्वरी मिरची धड आली नाही. बाजारात होती ती फिकट. बेडगी वाढवून रंग आणता येतो, पण काही घरांना ते चालत नाही, त्यांना आधी निरोप द्यायला हवा. पूर्वी ह्यासाठी शेवंतीबाई अर्धी सकाळ भिंतीला हात लावत फिरायच्या. अक्षताने एक ओळ लिहिली: संकेश्वरीच हवी असणारे कागद. पापणी लवायच्या आत एकतीस नंबर आले.

"बघू या हां," म्हणत शेवंतीबाई भिंतीकडे गेल्या. त्यांचे झाले तीस. पुन्हा मोजले, तीस. "तुझा एक जास्त झाला."

"एकशे बारा बघा."

एकशे बारावर कॅलेंडर लटकत होतं. शेवंतीबाईंनी ते उचललं. मागे निळी चौकड्यांची पट्टी, राजापूरच्या त्या जिद्दी बाईची, जी बेडगीचं नाव काढलं तर गाठोडं उचलून चालायला लागायची. कॅलेंडर देवेशने टांगलं होतं. शेवंतीबाईंनी पडद्याकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं. यंत्राला राजापूर माहीत नव्हतं, मिरची माहीत नव्हती. फेब्रुवारीत त्यांनीच सांगितलेलं, कॅलेंडरच्या मागून त्यांनाच परत आणून दिलं. आपलाच शब्द इतका नीट राखून कुणी परत द्यावा, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

"एवढासा आसा," त्या पुटपुटल्या, "पण इमानी आसा."

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात चंपा आली. गाठोडं खाली ठेवलं, शेजारी आणखी दोन बायका बसलेल्या, त्यांच्यासमोर पदर सावरत म्हणाली, "आजी, नेहमीचं हां." म्हणाली ते सरळच, पण 'नेहमीचं' ह्या शब्दावर जरा थांबली.

शेवंतीबाई भिंतीकडे गेल्या. हिरव्या पट्टीला हात लावला. टिकल्या बोटांना लागल्या. बाकी काही नाही. धणे, खसखस, ते सगळ्यांनाच असतं. पुढे? पट्टी हातात, आणि बोटं मुकी. मागे तीन बायका गप्प. यंत्र बंद होतं, त्यामुळे गप्प बसलेलंही ऐकू येत होतं. यंदा चुकलं तर चंपा निमित्त काढूनसुद्धा येणार नव्हती, आणि ह्या दोन बायका ते सगळ्या चढाला सांगणार होत्या.

"आई," पिंपावरून आवाज आला, "एक विचारू? सत्तेचाळीसचं माझं नेहमी चुकतं. त्रिफळ वरून घालतात म्हणालात ना तुम्ही? मसाल्यात नाही ना?"

शेवंतीबाईंनी वळून पाहिलं. अक्षता पडद्याकडे बघतच नव्हती. कागद तिच्यासमोर उघडा होता, ओळ न् ओळ. पण तिची मान वर होती आणि डोळे सासूवर. ज्याचं उत्तर समोर लिहिलेलं आहे, ते ती विचारत होती.

"नाय म्हणजे नाय!" शेवंतीबाई कडाडल्या. "कितीदा सांगू? ह्यांच्यात त्रिफळ कालवणात पडता, मसाल्यात नाय!"

"आणि जायपत्री दोन तोळे की..."

"एक! दोन कोण घालता? चंपाच्या सासऱ्याक उष्णता."

"आणि हळकुंड तळून?"

"तुपात. तेलात नाय. लिही, लिही, विसरशीत."

असं नऊ वेळा. नऊ प्रश्न, प्रत्येकाच्या पोटात अर्धं उत्तर, आणि उरलेलं अर्धं शेवंतीबाईंच्या तोंडून असं खणखणीत बाहेर पडत होतं की शेजारच्या दोन बायका माना डोलवायला लागल्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "बघ, म्हातारीला सगळं तोंडपाठ, आणि सून बिचारी शिकतेय अजून." अक्षता ओढणीआड काय करत होती ते दिसलं नाही. डोळे मात्र हसत होते.

यंत्र सुरू झालं. चार मुसळं वरखाली व्हायला लागली. शेवंतीबाई मसाला ढकलत राहिल्या, आणि फेब्रुवारीपासूनचं सगळं विचारणं त्यांना एकेक करून आठवायला लागलं. किती वेळा ही पोर जाणूनबुजून मठ्ठ झाली होती?

चार दिवसांनी चंपा वाटीभर बांगड्याचं कालवण घेऊन आली. वाटी ठेवून गेली. शेवंतीबाईंनी बोट बुडवून चाखलं आणि वाटी अक्षताकडे सरकवली.

"तुझ्या आईचा खिळा खंय आसा?" त्यांनी विचारलं.

अक्षता गोंधळली. "माझ्या आईचा?"

"ह्या भिंतीवर एकशे अठ्ठ्याऐंशी घरां. तुझा घर नाय. मी कधी विचारूक नाय, तू सांगूक नाय."

अक्षताने वाटी झाकून ठेवली. "आमच्यात काळं तिखट असतं. आई घरीच कुटायची. ती गेली तेव्हा कुणाला माहीतच नव्हतं ती काय घालायची. मी बाजूला बसून अभ्यास करायचे, कधी विचारलं नाही." मग आत जाऊन तिने गोळ्यांची एक छोटी बाटली आणली. तळाला चमचाभर काळी पूड. "एवढंच उरलंय. वापरत नाही मी. वास पण गेलाय आता."

शेवंतीबाईंनी बाटली उलटी करून नखाच्या टोकावर चिमूट घेतली, जिभेवर ठेवली, आणि डोळे मिटले. मिटलेलेच ठेवले. त्यांच्या डोक्याला भोक पडलं असेल, जिभेला नव्हतं.

"लिही. सुका खोबरा, करपवून. धणे. तीळ. दगडफूल, बक्कळ. कांदो उन्हात सुकवून भाजलेलो. मिरची... ही आमची नाय, तुमच्याकडची कसलीतरी. तिचा नाव माका ठाऊक नाय."

"मग तिथे काय लिहू?" अक्षताने विचारलं.

"तुझा यंत्र अर्धो कागद ठेवता ना? का त्याकाय सगळे रकाने भरूक लागतत?"

"ठेवतं. कळेल तेव्हा भर घालायची."

"मग अर्धो ठेव. बार्शीक जाऊन मिरची बघू या. हंगाम सरलो की."

शेवंतीबाईंनी कोनाड्यातून काशीरामांचा हातोडा काढला. शेवटच्या ओळीत आठ पट्ट्यांच्या पुढे जागा मोकळी होती. तिथे एकशे एकोणनव्वदावा खिळा ठोकला, स्वतःच्या हाताने, तीन घावांत. मग हात झटकून त्या पिंपाकडे वळल्या. अक्षता ओढणीने नाक पुसत टकटक करत होती, आणि ते मिरचीमुळे नव्हतं.

"ऐक गो," शेवंतीबाई म्हणाल्या. "चांगली सून म्हणूचय नाय मी तुका. चांगल्या सुना ह्या चढावर घरटी एक आसत, विचारल्यार 'हो आई' म्हणणाऱ्या. तू विचारतंस. सांगितलेला पुन्हा विचारतंस, कळलेला पण विचारतंस, आणि माझी लाज झाकूक चार बायकांत मठ्ठ होऊन विचारतंस. अशी माका एकच गावली. तेव्हा विचार. जिती आसय तोपर्यंत दिवसाक दहादा विचार. फक्त तो लॅपटॉप माझ्या मिरचीच्या पिंपावरून काढ, उद्या तुका टेबल आणून देतंय."